दलाल कोणाचा?

दलाल हा शब्द आपल्या चळवळीत शिवीसारखा वापरला जातो. भांडवलदारांचा दलाल, मालकधार्जिण्या युनियनचा दलाल, परकीय हितसंबंधांचा दलाल. सभेत हा शब्द उच्चारला की टाळी ठरलेली. परंतु सभा आटोपून घरी परतलेल्या कार्यकर्त्यावर स्वतःचे घर विकण्याची पाळी येते, तेव्हा तो निमूटपणे नाक्यावरच्या इस्टेट एजंटाच्या दुकानात जातो, त्याचा चहा घेतो, घराच्या किल्ल्या त्याच्या टेबलावर ठेवतो आणि 'तुम्हीच काय ते बघा' असे सांगून परत येतो. ज्याला आपण तत्त्वतः शत्रू मानतो, त्याच्याच हाती व्यवहारात आयुष्याची पुंजी विनाअट सोपवायची, या विसंगतीचा विचार आपल्या वर्तुळात फारसा झालेला नाही. तो व्हावा, एवढ्यासाठी हा लेख.

यावर पहिला आक्षेप आपल्याच मित्रांकडून येईल. घर विकणारा तो मालमत्ताधारी. त्याच्या नफ्यातोट्याची चिंता कष्टकऱ्यांच्या पक्षाने कशाला वाहावी? या आक्षेपामागे घर विकणाऱ्याचे जे चित्र आहे ते खोटे आहे. गुंतवणूक म्हणून पाच-पाच सदनिका घेऊन ठेवणाऱ्यास असल्या सल्ल्याची गरज नसते. त्याच्या पदरी वकील आणि हिशेबनीस असतात. एकुलते एक घर विकणारा माणूस वेगळा असतो. नवऱ्याच्या पश्चात दोन खोल्यांचे घर विकून मुलीजवळ राहावयास निघालेली विधवा. आजारपणाचे कर्ज फेडण्यासाठी राहते घर काढणारा कारकून. मुंबईत भागत नाही म्हणून गिरणगावातली खोली विकून बदलापूर-विरारकडे सरकलेला कामगार. वडिलांच्या मागे चार भावंडांत वाटणी करण्यासाठी पुण्याच्या पेठेतली जागा विकावी लागलेले कुटुंब. या लोकांनी नोकरीच्या तीस-पस्तीस वर्षांत जे काही शिल्लक टाकले, ते सर्व त्या चार भिंतींत असते. असा माणूस जन्मात एकदा घर विकतो. त्याच्यासमोर बसलेला दलाल मात्र तेच काम दर महिन्याला करीत असतो. एका बाजूस पूर्ण अननुभव आणि दुसऱ्या बाजूस पूर्ण सराव अशा सौद्यात पक्षाने तटस्थ राहणे म्हणजे सरावलेल्याची बाजू घेणे होय.

'विश्वासू माणूस' शोधण्याचा उपदेश

वृत्तपत्रांच्या मालमत्ता पुरवण्यांतून या प्रश्नाचे एक ठराविक उत्तर दिले जाते. विश्वासू एजंट निवडा. ओळखीतून चौकशी करा. त्याचा अनुभव, बोलणे-चालणे, कार्यालय पाहा. ज्या पुरवण्यांचा खर्च बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींतून निघतो, त्यांनी याहून अधिक काही सांगावे अशी अपेक्षाही नाही. पण हा उपदेश निरुपद्रवी नाही. त्यातून असे सूचित होते की प्रश्न माणसाच्या स्वभावाचा आहे. चांगला माणूस भेटला तर व्यवहार चांगला, वाईट भेटला तर नशीब. माझे म्हणणे याच्या उलट आहे. दलालाचा विश्वासूपणा त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या मोबदल्याच्या रचनेवर आणि त्याने पत्करलेल्या लेखी जबाबदारीवर अवलंबून असतो. सज्जन माणसालाही चुकीच्या अटींवर कामाला लावले, तर तो हळूहळू तुमच्या विरुद्ध बाजूला सरकतो, आणि ते त्याच्याही ध्यानात येत नाही.

हिशेब करून पाहू. एका घराची वाजवी किंमत ८० लाख रुपये आहे असे धरा. आपल्या शहरांत विक्रेत्याकडून शेकडा एक ते दोन दलाली घेण्याची रीत आहे. दोन टक्के धरली तर दलालाचे १ लाख ६० हजार होतात. पहिल्याच पंधरवड्यात एक गिऱ्हाईक ७६ लाख देऊ करते. मालकाने ते नाकारून दोन महिने थांबावे, की होकार द्यावा? मालकाचे नुकसान ४ लाखांचे आहे. दलालाचे नुकसान किती? त्याची दलाली १ लाख ५२ हजार होते. म्हणजे अवघे ८ हजार रुपये कमी. या ८ हजारांसाठी आणखी दोन महिने गिऱ्हाइके आणावयाची, जिने चढावयाचे, फोन घ्यावयाचे, आणि मधल्या काळात सौदा दुसऱ्याच दलालाकडे जाण्याचा धोका पत्करावयाचा, हे त्याला परवडत नाही. म्हणून तो मालकाला सांगतो, 'काका, मार्केट खाली आहे, आलेले गिऱ्हाईक सोडू नका.' त्यात लबाडी असेलच असे नाही. त्याच्या गणितात ते खरेच आहे. फक्त ते गणित तुमचे नाही.

हा केवळ फळ्यावरचा तर्क नाही. शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास करून स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. दलाल जेव्हा स्वतःच्या मालकीचे घर विकतात तेव्हा तशाच प्रकारच्या इतर घरांपेक्षा त्यांना सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळते, आणि त्यासाठी ते सुमारे साडेनऊ दिवस अधिक थांबतात. गिऱ्हाइकाला 'लवकर विका' म्हणणारा दलाल स्वतःच्या घराच्या वेळी थांबतो, याचा अर्थ थांबण्याचे मोल त्याला चांगले ठाऊक असते. अमेरिकेसारख्या देशात, जेथे परवाने, परीक्षा आणि संघटना सर्व काही आहे, तेथे ही स्थिती. त्याच देशात घर विकणाऱ्याने खरेदीदाराच्या दलालाचीही दलाली द्यावी या पायंड्याविरुद्ध विक्रेते न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसूरी राज्यातील ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २०२४ मध्ये तेथील दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. भांडवलशाहीच्या माहेरघरी सामान्य घरमालक संघटित होऊन दलालांच्या राष्ट्रीय संघटनेला जाब विचारू शकतो. आपण मात्र ओळखीच्या माणसाचा शोध घेत बसतो.

याच बाजाराची दुसरी बाजू याहून विपरीत आहे. तीन दलालांना बोलावून भाव विचारला, तर प्रामाणिक दलाल ८० सांगतो, दुसरा ८५ आणि तिसरा ९५. मालक साहजिकच तिसऱ्याकडे वळतो. तिसऱ्याला ९५ मिळवून द्यावयाचेच नसतात; त्याला काम आपल्या हाती बांधून घ्यावयाचे असते. तीन महिने घर पडून राहते, 'याच्यात काहीतरी खोट असावी' असा बोभाटा होतो, आणि मग थकलेला मालक ७४ लाखांवर सही करतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की जेथे गिऱ्हाइकाला चांगले आणि वाईट यांतला फरक ओळखता येत नाही, तेथे वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. दलालांच्या बाजारात हेच घडते. खरा भाव सांगणाऱ्याला काम मिळत नाही; म्हणून उद्या तोही खोटा भाव सांगू लागतो. स्वभावावर भिस्त ठेवणारा उपदेश या ठिकाणी पार निकामी ठरतो.

१८७२ चा कायदा आणि जमिनीतली खाण

मग कायदा काय करतो? मौज अशी की आपल्याकडे या विषयावरचा सर्वांत उपयुक्त कायदा दीडशे वर्षांपूर्वीचा आहे आणि ज्यांना त्याची गरज आहे त्यांच्या तो गावीही नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील एजन्सीसंबंधीचे प्रकरण प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा वाचून काढावे. एजंटाने कौशल्याने व दक्षतेने काम केले पाहिजे (कलम २१२). मागणी होताच हिशेब दिला पाहिजे (कलम २१३). अडचण आल्यास मालकाशी संपर्क साधून त्याची सूचना घेतली पाहिजे (कलम २१४). मालकाच्या संमतीवाचून त्याने त्या व्यवहारात स्वतःचा धंदा केला, तर मिळालेला लाभ मालकाला मागता येतो (कलम २१६). कामात गैरवर्तन केले तर त्या कामापुरत्या मोबदल्यावरचा त्याचा हक्क जातो (कलम २२०). मालक आणि एजंट हे नाते कायद्याने असे बांधलेले आहे. नाक्यावरचा दलाल 'मी तर फक्त मध्यस्थ' असे म्हणतो, त्याचे इंगित हेच. मध्यस्थ म्हटले की कोणाचाच एजंट नाही, आणि एजंट नाही म्हटले की यांपैकी कोणतेही कर्तव्य नाही.

कलम २१५ खालचे एक उदाहरण तर आजच्या मुंबई-पुण्यासाठीच लिहिले आहे असे वाटावे. मालकाने एजंटाला जमीन विकावयास सांगितले. एजंटाला पाहणीत आढळले की जमिनीत खाण आहे. मालकाला हे ठाऊक नाही. एजंट खाणीची गोष्ट दडवून 'मीच विकत घेतो' म्हणतो आणि मालक संमती देतो. कायदा सांगतो की सत्य कळल्यावर मालक तो व्यवहार मोडू शकतो किंवा मान्य करू शकतो, निवड त्याची.

आज आपल्या शहरांतल्या जुन्या इमारतींखाली अशीच खाण आहे, आणि तिचे नाव पुनर्विकास. चाळीस वर्षांच्या सोसायटीतल्या सदनिकेची किंमत तिच्या गळक्या छतावरून ठरत नाही. त्या भूखंडावर किती चटईक्षेत्र मिळणार आणि विकासकाशी बोलणी कुठवर आली यावरून ठरते. ही बातमी सर्वांत आधी कोणाला लागते? सोसायटीच्या कमिटीत ज्याची ऊठबस आहे, विकासकाच्या कार्यालयात ज्याचे जाणे-येणे आहे, त्या दलालाला. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका सर्वसाधारण सभेला जात नाही. तिला फक्त 'बिल्डिंग जुनी झाली, आता कोण घेणार' एवढेच ऐकविले जाते. ती विकते. घेणारा दलालाचा मेहुणा, भागीदार किंवा नेहमीचा गुंतवणूकदार असतो. सहा महिन्यांनी विकासकाची पाटी लागते. १८७२ च्या कायदेकर्त्यांना जी फसवणूक दिसली होती, ती आज आपल्या डोळ्यांदेखत घडते आणि आपण तिला 'मार्केट' म्हणतो.

अर्थात हे कलम वापरावयाचे तर हा मनुष्य आपला एजंट होता, हे सिद्ध करावे लागते. तोंडी बोलण्यावर घर सोपविणाऱ्याच्या हाती काय पुरावा असणार? ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडे जावयाचे म्हटले तरी तेथेही कागदच विचारला जातो. म्हणून माझा सारा भर एका लेखी करारावर आहे.

२०१६ चा कायदा कोठे थांबतो

'पण आता रेरा आहे ना?' असा प्रश्न लगेच येईल. २०१६ चा स्थावर संपदा कायदा हे घरखरेदीदारांच्या दीर्घ लढ्याचे फळ आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यात दलालांची नोंदणी आली, त्यांनी हिशेबाची पुस्तके ठेवावीत असे बंधन आले, भंग केल्यास दररोज १० हजार रुपये दंडाची तरतूद आली. महारेराने २०२३ मध्ये दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षेचीही योजना आणली. परंतु कलम ९ बारकाईने वाचा. नोंदणीची सक्ती आहे ती प्रवर्तकाकडून, म्हणजे बिल्डरकडून, नोंदणीकृत प्रकल्पात विकल्या जाणाऱ्या घरांच्या दलालीसाठी. तुमचे वीस वर्षांपूर्वीचे राहते घर तुम्ही दुसऱ्या कुटुंबाला विकता, तेव्हा ते या वाक्याच्या बाहेर पडते. नव्या घरांचा दलाल कायद्याच्या कक्षेत. जुन्या घराचा दलाल मोकळा. खरेदीदाराला थोडे संरक्षण मिळाले, विक्रेत्याला ते नाही. दारावर महारेराचा क्रमांक लावलेला दलाल तुमचे जुने घर विकत असताना त्या क्रमांकाच्या भरवशावर राहू नका. क्रमांक असणे चांगले. तो महारेराच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. पण त्याने तुमचा करार होत नाही.

चार सापळे

लेखी करार नसल्यामुळे जे घडते ते चार प्रकारांत सांगता येईल.

पहिला प्रकार 'नेट'चा. 'काका, तुमच्या हातात सत्तर लाख, वरचे माझे.' मालकाला वाटते, दलाली वाचली. प्रत्यक्षात त्याने घराच्या किमतीची वरची सगळी बाजू दलालाला लिहून दिलेली असते. दलालाने ७८ मिळविले तर ८ लाख त्याचे; म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक दलाली. असा सौदा सुचविणाऱ्यास पहिल्याच भेटीत नमस्कार करावा.

दुसरा प्रकार विसाराचा. गिऱ्हाइकाने दिलेली विसाराची रक्कम दलाल स्वतःजवळ ठेवतो. सौदा फिसकटला की मालक आणि गिऱ्हाईक एकमेकांवर रागावतात, आणि पैसे तिसऱ्याकडे असतात. विसार मालकाच्या बँक खात्यातच यावा आणि विसारपावतीवर मालकाचीच सही असावी.

तिसरा प्रकार कुलमुखत्यारपत्राचा, आणि तो सर्वांत घातक. 'तुम्हाला कशाला कचेरीच्या खेपा, माझ्या नावे मुखत्यारपत्र करा.' सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली 'सुरज लँप' प्रकरणात स्पष्ट केले की मुखत्यारपत्राने घराची मालकी जात नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागते. पण मुखत्यारपत्र हाती असणारा तुमच्या वतीने खरेदीखतावर सही करू शकतो, ही गोष्ट यामुळे बदलत नाही. ज्यांना म्हाडाच्या योजनेत किंवा झोपडपट्टी पुनर्वसनात घर मिळाले आहे आणि ठराविक मुदतीपर्यंत ते विकता येत नाही, अशांच्या दारी हे मुखत्यारपत्रवाले हटकून येतात. विकता न येणाऱ्या घराची 'विक्री' त्यांच्या हवाली झाली की माणूस घरालाही मुकतो आणि कायद्याच्याही आड येतो. दलालाला मुखत्यारपत्र द्यावयाचे नाही, हा नियम अपवादाविना पाळावा.

चौथा प्रकार काळ्या पैशाचा. 'तीस टक्के रोख घ्या, सगळे असेच करतात.' २०१५ च्या दुरुस्तीपासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे आणि दंड स्वीकारलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. हा दंड स्वीकारणाऱ्याला, म्हणजे विक्रेत्याला आहे. रोखीचा आग्रह धरणारा दलाल त्यातून नामानिराळा राहतो. जो दलाल तुमच्या मानेवर जोखीम ठेवून सौदा सोपा करतो, तो तुमचा नव्हे.

मग दलाल कसा निवडावा

आता करावयाचे काय, ते सांगतो. पहिली गोष्ट दलालाकडे जाण्याआधीची. आपल्या इमारतीत आणि शेजारच्या दोन-तीन इमारतींत गेल्या वर्ष-दीड वर्षात कोणत्या किमतीला व्यवहार नोंदले गेले, हे स्वतः काढावे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्तांचा शोध घेता येतो. सूची क्रमांक दोनच्या उताऱ्यावर, ज्याला लोक 'इंडेक्स टू' म्हणतात, मोबदल्याची रक्कम दिसते. वार्षिक बाजारमूल्य दराचा तक्ताही उपलब्ध असतो. काही ठिकाणी नोंदलेला आकडा खऱ्याहून कमी असेल हे लक्षात ठेवूनही, एवढी माहिती हाती असलेल्या माणसाशी दलाल निराळ्या भाषेत बोलतो. माहितीच्या मक्तेदारीवर त्याचा निम्मा धंदा चालतो; ती सार्वजनिक नोंदींतून मोडता येते. सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव झाला आहे काय, हेही सभेची इतिवृत्ते पाहून आधीच जाणून घ्यावे.

दुसरी गोष्ट, तीन दलालांना भेटून प्रत्येकाला तेच प्रश्न विचारावेत. भाव कोणत्या नोंदलेल्या व्यवहारांवरून काढला? गेल्या वर्षी कोणाकोणाची घरे विकून दिली, आणि त्या विक्रेत्यांशी मी बोलू शकतो काय? या सौद्यात खरेदीदाराकडूनही दलाली घेणार काय, आणि किती? खरेदीदार तुमचा नातेवाईक किंवा भागीदार निघाल्यास आधी लेखी सांगाल काय? सर्वांत मोठा आकडा सांगणाऱ्याला काम देऊ नये. आकड्याचे कारण दाखविणाऱ्याला द्यावे. विकलेल्या घरांच्या विक्रेत्यांशी बोलू न देणारा दलाल यादीतून काढून टाकावा. आपला शेवटचा आकडा मात्र कोणालाही सांगू नये; दोन्ही बाजूंनी दलाली घेणाऱ्याला तर मुळीच नाही.

तिसरी गोष्ट, लेखी करार. तो एका पानाचा पुरे. हा मनुष्य आमचा एजंट आहे; दलाली अमुक टक्के, आणि ती पूर्ण रक्कम खात्यात जमा होऊन खरेदीखत नोंदले गेल्यावरच देय; आलेला प्रत्येक देकार तो आम्हाला कळवील; खरेदीदाराकडून घेतलेली दलाली उघड करील; स्वतः किंवा आप्तांच्या नावे घेणार असल्यास आमची लेखी संमती घेईल; विसार आमच्या खात्यात येईल; एकाधिकार दिला तर तो दोन महिन्यांचा, त्यानंतर आपोआप संपेल. जमल्यास मोबदल्याची रचनाही बदलावी: ठरलेल्या किमतीपर्यंत कमी दर आणि त्यावरच्या रकमेवर जास्त. मग ७६ आणि ८० यांतला फरक दलालालाही जाणवू लागतो. अशा कागदावर सही करावयास जो तयार होतो, त्याच्या स्वभावाची चौकशी करण्याची फारशी गरज उरत नाही. जो 'आपल्यात कागद कशाला' म्हणतो, त्याने आपली चौकशी स्वतःच संपविलेली असते.

आणखी एक कसोटी आपल्या पक्षाच्या माणसाने विसरू नये. 'गिऱ्हाईक कसले हवे? त्या लोकांना दाखवू नको ना?' असे विचारणारे दलाल मुंबईत ठिकठिकाणी भेटतात. आडनाव, धर्म आणि ताटातले अन्न पाहून ते खरेदीदार वगळतात. ही जातीय गाळणी आपल्या घराच्या दारात लावू देणे हे आपल्या विचारांशी सरळसरळ द्रोह आहे. व्यवहार म्हणूनही पाहा: ज्याने घेणाऱ्यांची संख्या कमी केली त्याने तुमची किंमत कमी केली. 'माझे घर ज्याची ऐपत आहे त्या कोणालाही दाखवावे' हे वाक्य त्या कागदावर असावे.

शिवीपेक्षा कायदा मागा

काही मित्र म्हणतील, दलाल ही जातच नष्ट व्हावी. घर थेट विकावे. ज्याला जमेल त्याने जरूर विकावे. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरणास सोसायटीचे ना-हरकत पत्र लागत नाही, आणि २००१ च्या शासकीय निर्णयाप्रमाणे हस्तांतरण अधिमूल्य २५ हजारांहून अधिक घेता येत नाही. एवढे ठाऊक असले तरी निम्मे भय जाते. पण पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याने अनोळखी माणसांना घर दाखवीत बसावे, खरेदीदाराच्या कर्जासाठी बँकेत खेपा घालाव्यात, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत वेळ घ्यावी, हे होणारे नाही. हे काम कष्टाचे आहे आणि त्याला मोबदला आहे. नाक्यावरचे बहुसंख्य दलाल स्वतः बिनपगारी, बिनहमीचे लोक आहेत. महिनोन्‌महिने एकही सौदा न झालेले आहेत. त्यांना शिव्या घालून विकणाऱ्याचा एक रुपयाही वाचत नाही. त्यांचे काम जबाबदारीच्या चौकटीत आणल्याने वाचतो, आणि त्यांच्यातल्या प्रामाणिकांना पोटभर कामही मिळते.

म्हणून पक्षाने तीन मागण्या हाती घ्याव्यात. रेराच्या कलम ९ ची व्याप्ती वाढवून जुन्या घरांच्या पुनर्विक्रीची दलाली नोंदणीच्या कक्षेत आणावी. एका पानाचा नमुना करार महारेराने मराठीत प्रसिद्ध करून सक्तीचा करावा, आणि दोन्ही बाजूंच्या दलालीचा आकडा खरेदीखतातच नमूद व्हावा. नोंदलेल्या व्यवहारांची माहिती इमारतीच्या नावाने, सामान्य माणसाला वाचता येईल अशा रीतीने खुली करावी.

कायदा होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. प्रत्येक वॉर्ड शाखेच्या कपाटात त्या कराराच्या पाच प्रती असाव्यात. आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या कार्यकर्त्याने सूची क्रमांक दोनचे उतारे काढून देण्यासाठी बसावे. विभागात कोणत्या दलालाने कोणाचे घर कोणत्या अटींवर विकून दिले, याची वही विक्रेत्यांच्याच तोंडून ऐकून भरावी. रेशनकार्डासाठी, वीजबिलासाठी आपण लोकांबरोबर कचेरीत जातो. आयुष्याची कमाई एका सहीने हातची जाणार असते, त्या दिवशीही त्यांच्या शेजारी आपला माणूस असला पाहिजे. दलाल कोणाचा, हा प्रश्न सही होण्याच्या आधी विचारावयाचा असतो. तो विचारावयास आपण लोकांना शिकविले, तर त्याचे उत्तर कागदावर लिहून घेण्याचे धैर्यही त्यांच्यात येईल.